गोपनीय अहवाल आणि बिंदुनामावली : शासकीय सेवेतील भेदभावाची मीमांसा

शासकीय नोकरीतील भेदभावाचा विषय निघाला की चर्चा बहुधा भरतीपाशी सुरू होते आणि भरतीपाशीच संपते. राखीव जागा किती, भरल्या किती, अनुशेष किती राहिला, एवढाच हिशेब मांडला जातो. हा हिशेब आवश्यक आहे याविषयी दुमत नाही. परंतु नेमणुकीच्या आदेशाने नोकरीची केवळ सुरुवात होते. त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत कोणते काम वाट्याला येते, वार्षिक अहवालात कोणता शेरा पडतो, बदली कोठे होते, पदोन्नतीच्या यादीत नाव कोठे लागते आणि तक्रार केल्यास ती कोण ऐकतो, यांवर माणसाची सेवा घडते किंवा मोडते. प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या भागाचा, म्हणजे कार्यालयाच्या आत घडणाऱ्या भेदभावाचा, विचार करणार आहोत.

भेदभावाचे दोन प्रकार प्रथम वेगळे करून घेतले पाहिजेत. एक भेदभाव नियमातच लिहिलेला असतो. तो वाचता येतो, त्यावर बोट ठेवता येते, म्हणून तो न्यायालयात नेता येतो. दुसरा नियमाच्या अंमलबजावणीत असतो. नियम सर्वांना समान, परंतु तो लागू करणाऱ्या अधिकाऱ्याला जो स्वेच्छाधिकार असतो त्याच्या आड हा भेदभाव वावरतो. आमचे प्रतिपादन असे की, पहिल्या प्रकाराचा बराचसा भाग गेल्या सात-आठ दशकांत दूर झाला आहे. दुसरा मात्र टिकून आहे, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्यालाच न दाखविलेला कागद हे त्याचे मुख्य वसतिस्थान आहे. म्हणून कागद उघडा करणे हाच त्यावरील पहिला उपाय होय.

पूर्वपीठिका

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली परदेशातील शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. महाराजांचा हुकूम त्यांच्या बाजूने होता आणि पदवीही त्या कार्यालयातील इतरांहून मोठी होती. तरीही शिपायांनी त्यांच्या टेबलावर कागद दुरून फेकावेत आणि प्यावयास पाणी मिळू नये, असा अनुभव त्यांना आल्याचे चरित्रकारांनी नोंदविले आहे. शहरात राहावयास जागा मिळेना. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले होते तेथूनही त्यांना हुसकून लावण्यात आले आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. या प्रसंगाचे स्मरण आपण नेहमी करतो. त्यातून आपल्या विषयाला उपयोगी असा एक निष्कर्ष निघतो. वरून निघालेली नेमणूक कितीही निर्दोष असली, तरी खालचे कार्यालय ती निष्फळ करू शकते.

पुढे जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयला सादर केले. त्यानंतर १९४३ मध्ये केंद्रीय सेवांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या, आणि १९४६ मध्ये हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर गेले. सध्याचे अनुसूचित जातींचे १५ टक्के आणि अनुसूचित जमातींचे ७.५ टक्के हे प्रमाण १९७० पासूनचे आहे.

संविधानाच्या अनुच्छेद १६ चा दुसरा खंड सांगतो की, राज्याच्या नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास या कारणांवरून कोणालाही अपात्र ठरविता येणार नाही. येथे जात आणि लिंग एकाच ओळीत आले आहेत. स्त्रीवरील अन्याय आणि दलितावरील अन्याय हे दोन स्वतंत्र विषय समजण्याची सवय पुढे पडली. संविधानाने मात्र त्यांना एकाच निषेधाखाली आणले होते. त्याच अनुच्छेदाच्या चौथ्या खंडाचे समर्थन बाबासाहेबांनी ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत केले. आजवर राज्यकारभाराबाहेर ठेवल्या गेलेल्या समाजांना प्रशासनात स्थान मिळावे आणि त्याच वेळी समान संधीचे तत्त्वही टिकावे, असा मेळ त्यांनी त्या भाषणात घातला होता. प्रशासनात स्थान याचा अर्थ प्रशासनाच्या दारात झाडू घेऊन उभे राहणे असा नव्हे. तरीही १९६५ साली केंद्रीय सेवेच्या वर्ग एकमध्ये अनुसूचित जातींचे प्रमाण १.६४ टक्के होते आणि वर्ग चारमध्ये १७.७५ टक्के. वर्ग एकमधील प्रमाण दहा टक्क्यांच्या वर जावयास आणखी तीस वर्षे लागली. वर जाण्याची वाट कोठे अडते, हाच आपला प्रश्न आहे.

नियमात लिहिलेला भेदभाव

बौद्ध वाचकांना या प्रकाराची ओळख वेगळी करून द्यावयास नको. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने मुख्यतः हिंदू धर्मीयांनाच अनुसूचित जातीचे मानले होते. १९५६ मध्ये शीख धर्मीयांचा त्यात समावेश झाला. त्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षा घेतलेल्यांना मात्र केंद्राच्या दृष्टीने ते स्थान उरले नाही. महाराष्ट्र राज्याने स्थापनेनंतर नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. त्यामुळे एकाच घरातील एक भाऊ जिल्हा परिषदेत मागासवर्गीय गणला जाई, तर दुसरा रेल्वेत किंवा टपाल खात्यात गणला जात नसे. कित्येकांना दाखल्यावरचा जुना धर्म तसाच ठेवावा लागला, आणि आपण घरी कोण व कचेरीत कोण असा दुहेरी संसार करावा लागला. हा अन्याय १९९० च्या दुरुस्तीने दूर झाला. मध्ये चौतीस वर्षे गेली. त्या काळात वयोमर्यादा उलटून गेलेल्या पिढीला ती दुरुस्ती काहीच परत देऊ शकली नाही.

स्त्रियांच्या बाबतीतील नियम तर याहून स्पष्ट शब्दांत लिहिलेले होते. सी. बी. मुथम्मा या १९४९ मध्ये भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला. त्या सेवेच्या १९६१ च्या नियमांनुसार स्त्री अधिकाऱ्याने विवाहापूर्वी शासनाची लेखी परवानगी घ्यावयाची होती, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असे शासनास वाटल्यास तिला राजीनामा देण्यास सांगता येत होते. विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्कच नाही, असेही दुसऱ्या एका नियमात म्हटले होते. पुरुष अधिकाऱ्याच्या संसाराने कामात अडथळा येतो की नाही, हे विचारणारा नियम कोठेही नव्हता. पदोन्नती नाकारली गेल्यावर मुथम्मांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. प्रकरण चालू असतानाच शासनाने त्यांना पदोन्नती दिली. त्यामुळे १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी याचिका निकाली काढली. परंतु त्यांच्या सेवाज्येष्ठतेचा फेरविचार करण्यास शासनाला सांगितले, आणि सर्वच सेवानियमांतून लिंगभेदाचा डाग धुऊन काढण्याची निकड त्यांनी निकालपत्रात नोंदविली.

१९८१ च्या नर्गिस मिर्झा प्रकरणात, तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडियाचा, पहिल्या गर्भारपणाबरोबर हवाई सुंदरीची नोकरी संपविणारा नियम न्यायालयाने रद्द केला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह केल्यास ती सोडावी लागण्याची अट मात्र त्याच निकालात कायम राहिली. आणखी एक निकाल याहून कमी प्रसिद्ध, परंतु आपल्या वस्त्यांच्या अधिक जवळचा आहे. दिल्ली महानगरपालिकेत हजेरीपटावर राबणाऱ्या, रस्त्याचे व बांधकामाचे काम करणाऱ्या स्त्रियांना, त्या कायम नाहीत म्हणून, प्रसूती रजेचा लाभ मिळत नव्हता. सन २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो त्यांना मिळवून दिला. मुथम्मा राजदूतपदापर्यंत पोहोचलेल्या आणि या स्त्रिया डोक्यावर खडी वाहणाऱ्या. परंतु दोघींच्या वाट्याला आलेला प्रश्न एकच होता. स्त्रीचे शरीर व तिचा संसार हा शासनाने नोकरीतला दोष मानावा काय?

अहवालातला भेदभाव

असे नियम एकेक करून गेले. ज्येष्ठतेची यादी समान झाली, वेतनश्रेणी समान झाली. मग वरच्या पदांवरची गर्दी तशीच का राहिली? याचे एक उत्तर गोपनीय अहवालात सापडते.

या अहवालाची रचना समजून घेऊ. कर्मचाऱ्याचा निकटचा वरिष्ठ, म्हणजे प्रतिवेदन अधिकारी, वर्षाअखेरीस त्याच्या कामाचे, वर्तनाचे आणि सचोटीचे मूल्यमापन लिहितो. पुनर्विलोकन अधिकारी ते तपासतो. पुढे पदोन्नती समिती ठरावीक वर्षांचे अहवाल समोर ठेवून पात्रता ठरविते. वरच्या पदांसाठी एक किमान श्रेणी लागते. समजा, ती श्रेणी ‘अत्युत्तम’ आहे. मग ज्याला एखाद्या वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला, तो त्या ‘चांगला’ शब्दानेच मागे पडतो.

येथेच या व्यवस्थेची मेख होती. जुन्या प्रथेनुसार फक्त प्रतिकूल शेरा कर्मचाऱ्याला कळविला जाई. ‘चांगला’ हा प्रतिकूल शेरा नव्हे, म्हणून तो कळविला जात नसे. एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात जातीचा आकस असेल, तर त्याला शिवी देण्याचे किंवा खोटा आरोप करण्याचे कारणच नव्हते. त्याने ‘चांगला’ असे सौजन्याने लिहावे आणि कागद पाकिटात घालावा. आठ-दहा वर्षांनी कनिष्ठ सहकारी वरचढ झाले, की संबंधिताला शंका यावी. पण तोवर लिहिणारा अधिकारी बदलून वा निवृत्त होऊन गेलेला असे. पुराव्याशिवाय आरोप करणाऱ्यालाच मग ‘प्रत्येक गोष्टीत जात आणतो’ हे दूषण लागत असे.

सीमा मार्ग संघटनेतील देव दत्त नावाच्या एका कार्यकारी अभियंत्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. तो भेदभावाचा खटला नव्हता, हे आवर्जून सांगितले पाहिजे. परंतु व्यवस्थेचे छिद्र त्यातून उघड झाले. १९९३-९४ सालचा एक ‘चांगला’ शेरा त्यांना कधीच कळविला गेला नाही, आणि त्यामुळे पदोन्नतीसाठी त्यांचा विचारच झाला नाही. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्यास कळविलाच पाहिजे. ज्याला आपल्याविषयी काय लिहिले हे ठाऊक नाही, तो त्याविरुद्ध दाद कशी मागणार, असा त्यामागील विचार होता. त्यानंतर मे २००९ च्या आदेशाने केंद्रीय सेवेत २००८-०९ पासूनचा संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्यास दाखविण्याची आणि त्यावर पंधरा दिवसांत निवेदन करू देण्याची पद्धत सुरू झाली. २०१३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने हेच तत्त्व कायम केले. ‘गोपनीय अहवाल’ हे नाव जाऊन ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ हे नाव आले, त्याचे मर्म या बदलात आहे.

अहवालातून भेदभाव कसा पाझरतो, याचे आणखी एक उदाहरण भारतीय सैन्यदलातील आहे. स्त्री अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी नेमणूक देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये दिला. त्याची अंमलबजावणी करताना सैन्याने स्त्री व पुरुष दोघांना एकच निकष लावला. वरवर पाहता ही समताच झाली. परंतु मार्च २०२१ च्या नितिशा प्रकरणात न्यायालयाने या समतेच्या आतील विषमता उलगडून दाखविली. या स्त्रियांचे जुने अहवाल लिहिले जात होते तेव्हा त्यांना कायमस्वरूपी नेमणूक मिळण्याची शक्यताच नव्हती. त्यामुळे ते निष्काळजीपणे लिहिले गेले होते, आणि तेच अहवाल आता तुलनेला घेतले गेले. शिवाय पुरुषांची शारीरिक पात्रता ज्या वयात तपासली गेली, त्याहून कितीतरी पुढच्या वयात स्त्रियांची तीच पात्रता तपासली गेली. यालाच न्यायालयाने अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले. येथे कोणाच्या मनातला हेतू सिद्ध करावा लागत नाही. नियमाचा परिणाम कोणावर पडतो, हे दाखविले की पुरे. आमच्या मते दलित आणि अल्पसंख्य कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने या निकालाचे महत्त्व अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही.

सम्मुखतेचे तत्त्व

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे विनयपिटकातील एका नियमाची आठवण होणे स्वाभाविक आहे. चुल्लवग्गाच्या समथक्खन्धकात असे वृत्त आहे की, छब्बग्गिय भिक्खू गैरहजर भिक्खूंवर दंडकर्मे करू लागले. तेव्हा भगवंतांनी त्यास दोष देऊन, जो समोर नाही त्याच्याविरुद्ध कर्म करू नये, असा नियम घालून दिला. सम्मुखाविनय तो हाच. त्यात चार गोष्टींची उपस्थिती अपेक्षित आहे : संघ, धम्म, विनय आणि ती व्यक्ती. आजच्या भाषेत सांगावयाचे तर निर्णय घेणारी सभा, खरी वस्तुस्थिती, लागू होणारा नियम आणि ज्याच्याविषयी निर्णय घ्यावयाचा तो माणूस, हे सर्व एकत्र असल्याशिवाय निर्णय वैध होत नाही. दुसऱ्याचा दोष दाखविणाऱ्यालाही बंधने आहेत. त्याने योग्य वेळी, सत्य, सौम्य शब्दांत, हिताच्या हेतूने आणि मैत्रीचित्ताने बोलावे. अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्यासाठी याहून चांगली कसोटी आम्हांस सुचत नाही.

याच पिटकातील दुसरी बाजूही झाकून ठेवता येणार नाही. शंभर वर्षे उपसंपन्न असलेल्या भिक्खुणीनेही त्याच दिवशी उपसंपन्न झालेल्या भिक्खूला वंदन करावे, असे आठ गरुधम्मांपैकी पहिला सांगतो. सेवाज्येष्ठतेला लिंगाने छेद देण्याचे हे जुने उदाहरण होय. हे नियम मूळचे की मागाहून घातलेले, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु नियम कोणत्याही ग्रंथात असला, तरी त्याची समतेच्या कसोटीवर परीक्षा केली पाहिजे, एवढे यातून निश्चित होते.

बिंदुनामावली आणि पदोन्नती

अहवालानंतर दुसरा कागद बिंदुनामावलीचा. कोणत्या क्रमांकाचे पद कोणत्या प्रवर्गाचे, हे दाखविणारी ही नोंदवही आहे. ती वाचणे अवघड असल्याचा समज पसरविला गेला आहे, परंतु तिचे गणित सोपे आहे. शंभरात पंधरा म्हणजे साधारण पावणेसातात एक. म्हणून केंद्रीय भरतीत अनुसूचित जातीचे पहिले पद सातव्या बिंदूवर येते. २७ टक्क्यांच्या हिशेबाने इतर मागासवर्गाचे पहिले पद चौथ्या बिंदूवर आणि ७.५ टक्क्यांच्या हिशेबाने अनुसूचित जमातीचे चौदाव्या बिंदूवर येते.

आता यात भेदभाव कसा शिरतो ते पाहा. संपूर्ण विद्यापीठ हा एकक धरला तर शेकडो पदांत सर्व प्रवर्गांना वाटा मिळतो. परंतु प्रत्येक विभाग हा एकक धरला, तर ज्या विभागात तीनच पदे आहेत तेथे चौथा बिंदूसुद्धा यावयाचा नाही. पालि, प्राकृत यांसारखे लहान विभाग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ मार्च २०१८ रोजी विभाग हा एकक मानण्याचा आदेश काढला. टक्केवारीत काडीचाही बदल न करता जागा मात्र कमी होणार होत्या. देशभर आंदोलन झाले आणि २०१९ मध्ये संसदेने कायदा करून केंद्रीय शिक्षणसंस्थांत संपूर्ण संस्था हाच एकक ठरविला.

बिंदुनामावलीविषयी १९९५ चा सभरवाल प्रकरणातील निकाल प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. त्यात दोन गोष्टी ठरल्या. पदे एकदा पूर्ण भरली की पुढे जो निवृत्त होईल त्याच्याच प्रवर्गातून त्याची जागा भरावयाची. आणि मागासवर्गीय उमेदवार खुल्या स्पर्धेत गुणवत्तेवर निवडला गेला असेल, तर त्याला राखीव जागेच्या हिशेबात धरावयाचे नाही. कार्यालयांत या दुसऱ्या मुद्द्याची चूक झाली की एक राखीव जागा गुपचूप खर्ची पडते.

पदोन्नतीतील आरक्षणाची वाट अधिक खडतर आहे. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने ते नाकारले. १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १६ मध्ये ४-अ हा खंड घालून ते परत आणले. २००६ च्या नागराज निकालाने त्यासाठी मागासलेपण व अपुऱ्या प्रतिनिधित्वाची आकडेवारी मागितली आणि प्रशासनाच्या कार्यक्षमतेकडेही पाहावयास सांगितले. २०१८ मध्ये मागासलेपणाच्या आकडेवारीची अट अनुसूचित जाती-जमातींपुरती काढण्यात आली. प्रतिनिधित्वाच्या आकडेवारीची अट मात्र राहिली, आणि ती संवर्गनिहाय असावी, असे २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले. महाराष्ट्रात २५ मे २००४ चा पदोन्नतीतील आरक्षणाचा शासन निर्णय उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द केला. ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने तर पदोन्नतीची सर्व पदे सेवाज्येष्ठतेने भरण्याचे ठरविले. या सर्व इतिहासाचा निष्कर्ष एका वाक्यात सांगता येतो. न्यायालय आकडे मागते, आकडे शासनाजवळ असतात, आणि शासन ते वेळेवर गोळा करीत नाही. त्याची शिक्षा मात्र कर्मचारी भोगतो. कार्यक्षमतेच्या नावाने घेतल्या जाणाऱ्या आक्षेपाला २०१९ च्या पवित्रा प्रकरणातील निकालाने उत्तर दिले आहे. समाजातील सर्व घटकांना सामावून घेणे हा कार्यक्षमतेचाच भाग आहे, असे त्यात म्हटले आहे.

दुहेरी ओझे

मागासवर्गीय स्त्रीच्या बाबतीत हे दोन्ही अडथळे एकमेकांवर रचले जातात. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत स्त्रियांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे. खुल्या प्रवर्गातील स्त्रियांच्या जागा म्हणजे फक्त अमागास स्त्रियांच्या जागा, असा अर्थ देशात अनेक ठिकाणी लावला गेला. त्यामुळे अधिक गुण मिळविलेली मागासवर्गीय स्त्री बाहेर राही आणि तिच्याहून कमी गुणांची दुसरी आत येई. उत्तर प्रदेशातील पोलीस भरतीच्या प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ अमान्य केला. खुली जागा ही सर्वांना खुली असते, तो उच्च जातींचा कोटा नव्हे, हा त्या निकालाचा आशय आहे.

लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचा उगमही सरकारी कामातच आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. राजस्थान शासनाच्या महिला विकास कार्यक्रमातील एका साथीनीने १९९२ मध्ये बालविवाह रोखण्याचे आपले नेमून दिलेले काम केले, म्हणून तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. ती मागास समजल्या जाणाऱ्या कुंभार समाजातील होती, आणि आरोपी गावातील वरचढ मंडळी होती. खालच्या न्यायालयाने १९९५ मध्ये त्यांना अत्याचाराच्या आरोपातून मुक्त केले. जिने राज्याचे काम केले तिच्या संरक्षणाची कोणतीही व्यवस्था राज्याने केली नव्हती. यातूनच १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २०१३ चा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात त्या प्रत्येक कार्यालयात स्त्रीच्या अध्यक्षतेखाली तक्रार समिती असणे त्याने बंधनकारक केले. तरीही २०२३ मध्ये गोव्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीतील गंभीर उणिवांवर बोट ठेवावे लागले, आणि शासकीय खात्यांत समित्या खरोखर आहेत काय, याची पडताळणी करण्याचे आदेश द्यावे लागले. त्याच प्रकरणात, आरोप असलेल्याला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही म्हणून चौकशी पुन्हा करण्यासही न्यायालयाने सांगितले. सम्मुखतेचे तत्त्व दोन्ही पक्षांना सारखेच लागू आहे.

गणनेबाहेरचे

आणखी दोन समूहांचा येथे थोडक्यात उल्लेख केला पाहिजे. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखविले की, लोकसंख्येत १३.४ टक्के असलेल्या मुसलमानांचे प्रमाण भारतीय प्रशासकीय सेवेत ३ टक्के आणि पोलीस सेवेत ४ टक्के होते. रेल्वेत ते ४.५ टक्के होते, आणि त्यांतील जवळजवळ सर्वच जण खालच्या पदांवर होते. ज्यांच्यासाठी बिंदुनामावलीत रकानाच नाही, त्यांचा अनुशेषही दिसत नाही.

दुसरा समूह कंत्राटी कामगारांचा. सफाईचे काम पिढ्यान्‌पिढ्या दलितांच्या माथी मारले गेले. त्या कामाला कायम नोकरीचे संरक्षण लाभू लागले, तेव्हा तेच काम कंत्राटदारांकडे गेले. मुंबई महानगरपालिकेच्या कचरा वाहतूक कामगारांनी आपण पालिकेचेच कामगार आहोत हे सिद्ध करण्यासाठी दीर्घ लढा दिला. अखेरीस २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात २,७०० कामगारांचा कायमपणाचा हक्क मान्य झाला. कंत्राटात बिंदुनामावली नाही, अहवाल नाही, पदोन्नती नाही. म्हणजे भेदभाव सिद्ध करण्यासाठी लागणारा कागदच तेथे निर्माण होत नाही.

कर्मचाऱ्यांनी काय करावे

हा विषय केवळ चर्चेपुरता राहू नये म्हणून काही व्यवहारातील सूचना करीत आहोत.

पहिली, आपला वार्षिक अहवाल दरवर्षी मागून घ्यावा व त्याची प्रत जपून ठेवावी. शेरा अन्यायकारक वाटल्यास मुदतीत, संयमित भाषेत, केलेल्या कामाच्या तारखा व आकडे देऊन निवेदन करावे. मुदत गेल्यानंतर केलेली तक्रार कितीही खरी असली तरी दुबळी ठरते.

दुसरी, कार्यालयाची बिंदुनामावली माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली मागवावी. महाराष्ट्रात तिची तपासणी विभागीय आयुक्त कार्यालयातील मागासवर्ग कक्ष करतो. शेवटच्या तपासणीचा दिनांक विचारला तरी पुष्कळ गोष्टी उघड होतात. राज्याच्या २००१ च्या आरक्षण अधिनियमात हेतुपुरस्सर उल्लंघन करणाऱ्या अधिकाऱ्यास शिक्षेची तरतूद आहे, हेही ठाऊक असावे.

तिसरी, केंद्रीय खात्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या आरक्षणावर देखरेख करण्यासाठी संपर्क अधिकारी नेमलेला असतो. त्याच्याकडे तक्रार लेखी द्यावी. त्यानंतर राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे जाता येते. आयोगास अनुच्छेद ३३८ नुसार साक्षीदार व कागदपत्रे बोलाविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. मात्र तो मनाईहुकूम देऊ शकत नाही, असे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. म्हणून पदोन्नती थांबवावयाची असेल तर न्यायाधिकरणाकडेच जावे.

चौथी, स्त्री कर्मचाऱ्यांनी आपल्या कार्यालयातील तक्रार समितीच्या सदस्यांची नावे तक्रार करण्याची वेळ येण्यापूर्वीच विचारून ठेवावीत. छळाची तक्रार साधारणतः तीन महिन्यांत करावयाची असते. आपल्या कर्मचारी संघटनांच्या कार्यकारिणीत स्त्रिया किती आहेत, हाही प्रश्न आपण आपल्याला विचारला पाहिजे. ज्या संघटनेत स्त्रीला स्थान नाही, तिने समतेची मागणी करणे शोभत नाही.

पाचवी, आपल्यापैकी जे आज स्वतः प्रतिवेदन अधिकारी आहेत, ज्यांच्या लेखणीवर इतरांची पदोन्नती अवलंबून आहे, त्यांनी शेरा लिहिताना तो त्या माणसाच्या समोर बसून वाचून दाखविता येईल काय, एवढे स्वतःस विचारावे. येईल असे उत्तर मिळाले तरच तो लिहावा. बडोद्याच्या कचेरीत कागद दुरून फेकला जात होता. पुढे तो पाकिटात बंद झाला. आज कायद्याने तो आपल्या हाती देण्याची सोय केली आहे. तो मागून घेणे, वाचणे आणि वेळेत त्याला उत्तर देणे, एवढे काम मात्र आपले आहे.